डॉ. व्ही. आणि तुझा राजीनामा

प्रिय मित्रा,

तुझी ती लांबलचक व्हॉइस नोट ऐकली. सरकारी मेडिकल कॉलेजातली डोळ्यांच्या सर्जनची नोकरी सोडून प्रायव्हेटला जायचं म्हणतोयस. बदल्या, पगार, मशीन बंद पडलं की महिनोन्महिने दुरुस्ती नाही, सगळं मान्य. पण "पीजींना (म्हणजे पुढचं शिकणाऱ्या डॉक्टरांना) शिकवण्यात माझा हात गंजतोय" असं जे बोललास ना, ते काही पटलं नाही बाबा. म्हणून म्हटलं डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींबद्दल तुला जरा लिहावं. तुम्हा डोळ्यांच्या डॉक्टरांत हे डॉ. व्ही. म्हणजे देवमाणूस, मी काय सांगणार तुला, पण तुम्ही लोक त्यांनी मदुराईला काढलेल्या अरविंद या डोळ्यांच्या हॉस्पिटलचे आकडेच जास्त सांगता, हा माणूस आधी वीस वर्षं सरकारी कॉलेजात मास्तरकी करत होता हे मागेच राहतं.

आणि हात म्हणशील तर त्यांचे हात बघ. व्हायचं होतं बाळंतपणाचा डॉक्टर, कारण चुलत बहिणी बाळंतपणात गेलेल्या. १९४४ ला मद्रासहून डॉक्टर झाले, मिलिटरीत गेले आणि तिशीच्या आसपास रुमेटॉइड आर्थ्रायटिसने (सांधे धरणारा आजार) असं धरलं की वर्षाच्या वर अंथरुणात, बोटं कायमची वाकडी, साधं पेन धरायची मारामार. मग डोळ्यांकडे वळले आणि त्याच बोटांत ब्लेड कसं बसवायचं ते नव्याने शिकले, आणि पुढे एक लाखाच्या वर ऑपरेशन्स केली!

मदुराईच्या कॉलेजात ते नेत्रविभागाचे हेड. गावोगावी कॅम्प लावायचे. तिथेच त्यांच्या लक्षात आलं असणार (हा माझा अंदाज) की एकट्याने कितीही केसेस केल्या तरी मोतीबिंदूची रांग काही संपत नाही. १९७६ ला ५८ व्या वर्षी सरकारी नियमाने रिटायर झाले आणि ११ खाटांचं अरविंद सुरू केलं, नाव श्री अरविंदांवरून. स्वतःचं लग्न नाही, पण बहीण डॉ. नाचियार, मेव्हणे डॉ. नामपेरुमलसामी, सगळ्यांना जुंपलं, घर गहाण टाकलं. घरच्यांची काय दमछाक झाली असेल ते गोष्ट सांगताना लोक गाळतात, मला ते खटकतं.

खरी गंमत अरविंदच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात आहे. एका सर्जनला दोन टेबलं. इकडची केस संपली की मायक्रोस्कोप नुसता पलीकडे वळवायचा, तिथला पेशंट तयारच असतो, सिस्टरने ट्रे मांडलेला, आणि तोवर या टेबलावर पुढचा पेशंट येतो. तपासणी, नंबर काढणं, समजावणं यातलं बरंचसं काम खेड्यातल्या बारावी झालेल्या पोरी करतात, त्यांना तिथेच ट्रेनिंग देऊन तयार केलंय. सर्जनने फक्त सर्जनचंच काम करायचं. म्हातारा अमेरिकेत मॅकडोनाल्ड्स बघून भारावला होता म्हणे, साध्या पोरांना शिकवून सगळीकडे एकसारखं काम कसं होतं म्हणून! पैसे देणाऱ्या पेशंटच्या जिवावर बाकीच्यांचं फुकट किंवा नाममात्र पैशांत होतं. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची बाहेरची लेन्स शंभर डॉलरच्या घरात जायची तर १९९२ ला ऑरोलॅब नावाचा कारखाना काढून स्वतःच बनवायला घेतली, किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली.

आता सांग, यातलं किती काम "हाताचं" आणि किती शिकवण्याचं? २००६ मधे ते गेले, टेबलं अजून चालूच आहेत. तुझा पीजी एक केस करतो तेवढ्यात तू चार उरकशील हे खरंच आहे रे, पण प्रायव्हेटला गेलास तर तुझ्या चारच राहणार ना.

मी काही तुला संत व्हायला सांगत नाहीये, होम लोन आहे, कळतं मला. फक्त राजीनामा टाकायच्या आधी एकदा मदुराईला जाऊन ये. बाहेरच्या डॉक्टरांसाठी त्यांचे ट्रेनिंग कोर्स असतात, कुठला जमतोय बघ. तारीख ठरली की कळव, मी पण येतो, तू ओटीत उभा राहा, मी मीनाक्षीच्या देवळात फिरून येतो.

तुझाच,
तुझा दोस्त