रंग देण्याआधी नंबर तरी टिपा

महोदय,

रेल्वे स्थानकांबाहेर शोभेसाठी मांडलेले मालगाडीचे जुने ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डाचे शेवटचे डबे, हल्ली जाड, चकचकीत रंगाखाली गडप होतात. डबा कुठला, केव्हाचा, याची खूण त्या रंगाखालीच असते. डब्याच्या खालच्या लांब तुळईवर, म्हणजे सोलबारवर, कारखान्याची पट्टी रिव्हेट केलेली असते. तिच्यावरचा रंग खरवडला की बांधणीचे साल वाचता येते. ॲक्सलबॉक्सच्या (चाकाच्या आसाच्या टोकावरच्या पेटीच्या) झाकणावर ओतीव अक्षरात ‘जी.आय.पी.’, म्हणजे जुनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, असे दिसले, तर ते झाकण बहुधा १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन होण्यापूर्वीचे. पण एवढ्यावरून डबाही तितकाच जुना म्हणू नये. वर्कशॉपात एका डब्याची झाकणे दुसऱ्याला सर्रास बसत. माझा भरवसा पट्टीवर. अलीकडच्या डब्यांचे काम सोपे: अकरा आकडी नंबरातला पाचवा-सहावा आकडा म्हणजे बांधणीचे वर्ष.

आत हातब्रेकचे चाक, व्हॅक्युम ब्रेकचा दाब दाखवणारा गेज आणि बसायचे बाकडे असे. (पंखा नसे, हे उन्हाळ्यात खानदेशातून गेलेल्यालाच कळेल.) २०२२ पासून गार्ड ‘ट्रेन मॅनेजर’ झाले आणि शेवटच्या डब्याचे काम टेलिमेट्रीच्या, म्हणजे गाडी शेवटपर्यंत सलग असल्याचे इंजिनाला रेडिओने कळवणाऱ्या, उपकरणावर सोपवायचे घाटते आहे. म्हणजे हे डबे आणखी भंगारात जाणार. तेव्हा लिलावाआधी किंवा रंगाआधी पट्टी, नंबर आणि दुरुस्तीच्या तारखांचे फोटो काढून नोंद ठेवावी. एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

– एक निवृत्त गार्ड, भुसावळ