चाचा, पुडीतला भुसा जपून ठेवलाय

आदरणीय चाचा,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "ठीक है बेटा, सराव कर" म्हणून फोन ठेवून देता. तुम्ही पिस्तूल नीट करून, मूठ घडवून दिलीत, त्याचे आभार मानायला म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहितोय, कारण परभणी, हिंगोली, नांदेडकडं ज्यांच्या कपाटात असं जुनं मॅच पिस्तूल, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेचं एअर पिस्तूल, पडून आहे, त्यांनाही कळायला हवं की त्याचं काम कसं करतात आणि कसं करू नये.

तुमच्याकडून घेतलेलं पिस्तूल म्हणजे फाइनवेर्कबाऊचं मॉडेल ६५. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फचं, १९६५ साली बाजारात आलेलं. त्यात हवेचं सिलिंडर नाही. बाजूचा दांडा ओढायचा, स्प्रिंग दबते, पेलेट म्हणजे छोटी गोळी घालायची, दांडा परत बसवायचा. ट्रिगर सुटला की पिस्टन पुढं झेपावतो आणि त्याच क्षणी बॅरलसकट वरचा सगळा भाग फ्रेमवरच्या रुळांवरून मागं सरकतो. धक्का तिथंच जिरतो, मनगटापर्यंत येत नाही. साठ वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही हातात घेतली की कळते.

आपल्याकडं याचं मोल आणखी वेगळं आहे. आजची पिस्तुलं २०० बार दाबाच्या सिलिंडरवर चालतात. ते भरायला मोठी टाकी नाहीतर हातपंप लागतो, आणि सिलिंडरची मुदत १० वर्षं. कोल्हापूर-पुण्याकडं रेंज आहेत, प्रशिक्षक आहेत, सिलिंडर भरून मिळतं. इथं तालुक्याच्या गावात शाळेच्या खोलीत १० मीटर मोजून सराव करणाऱ्या पोरानं काय करावं? त्याला हे दांड्याचं पिस्तूलच बरं. छिद्र ४.५ मिलिमीटरचं आणि ताकद पाच-सहा ज्यूल, म्हणजे शस्त्र नियम २०१६ मधल्या २० ज्यूलच्या मर्यादेच्या खूप आत. त्यामुळं परवान्याचा प्रश्न येत नाही. पण हत्यार ते हत्यारच, कुलपातच राहायला हवं, हे तुम्ही पिस्तूल हातात देण्याआधी दोनदा सांगितलंत.

तुमच्याकडं येण्याआधी अशी पिस्तुलं ज्यांच्या हातून गेली, त्यांचं नाव घेत नाही. पण त्यांनी काय केलं ते सांगायलाच हवं, कारण तेच सगळीकडं चालू आहे.

पहिली गोष्ट, "पावर वाढवून देतो" म्हणून जाड स्प्रिंग घालणं. या पिस्तुलात सरकणारा वरचा भाग आणि पिस्टनचा धक्का यांचा तोल जमवलेला असतो. स्प्रिंग जड झाली की तो तोल जातो, सुटताना टोक उडतं आणि आतले भाग एकमेकांवर आपटतात. १० मीटरवर कागदाला भोक पाडायला जादा ताकद हवीय कुणाला?

दुसरी, आत तेल ओतणं. पिस्टनच्या पुढं दाबली जाणारी हवा इतकी तापते की खनिज तेलाचा थेंब असला तर तो पेट घेतो. आवाज मोठा येतो, धूर निघतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं बंदूक जोरदार झाली. खरं तर सील जळत असतं आणि प्रत्येक गोळीचा वेग वेगळा पडत असतो.

तिसरी सगळ्यांत वाईट. ट्रिगर हलका करण्यासाठी आतली छोटी स्प्रिंग कापायची आणि सिअरवर, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत पिस्टन अडवून धरणाऱ्या खटक्यावर, कानस मारायची. सिअरचा कठीण केलेला थर पातळ असतो. तो घासला गेला की खाली मऊ लोखंड लागतं, कोन बिघडतो, आणि मग पिस्तूल केव्हा आपोआप सुटेल याचा नेम नाही. स्पर्धेच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे पिस्तुलाच्या तपासणीला, बॅरल उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवतात. ते उचललं गेलं नाही तर पिस्तूल बाद. असल्या "हलक्या" ट्रिगरमुळं वर्षभराचा सराव टेबलावरच संपतो, आणि ज्यानं स्प्रिंग कापली तो तेव्हा तिथं नसतो.

तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत, चाचा. आधी पिस्तूल पूर्ण खोललंत. पिस्टनसमोरचा रबरी बफर तपकिरी भुगा होऊन बसला होता. इतक्या वर्षांच्या रबराचं असं होतंच. तो भुगा बॅरलमध्ये जातो आणि लोकांना वाटतं बॅरल गेली. तुम्ही नवा बफर आणि बॅरलच्या तोंडाचं नवं सील घातलंत. रुळांवर ग्रीसचा फक्त पातळ हात फिरवलात, कारण जाड ग्रीस थंडीत गोठतं आणि सरकणारा वरचा भाग अडखळतो. कापलेली स्प्रिंग काढून मूळ मापाची बसवलीत. ट्रिगर ५०० वर न ठेवता ५३० वर ठेवलात, म्हणजे गरमीत, धुळीत थोडं इकडंतिकडं झालं तरी वजन उचललं जाणारच. दांडा अर्धवट असताना पिस्तूल सुटू नये म्हणून जी अडकवणी असते, ती वीस वेळा तपासून दाखवलीत, आणि तरीही बजावलंत की पेलेट घालताना दांडा दुसऱ्या हातानं धरूनच ठेवायचा. ती अडकवणी कधी दगा देईल तेव्हा बोट वाचलं पाहिजे.

पण हे काम चांगला मिस्त्री करतोच. तुमचं खरं काम मुठीत आहे.

मूठ बरोबर नसेल तर काय होतं, याचा हिशोब साधा आहे. पुढची आणि मागची साइट, म्हणजे नेम धरायची पुढची पट्टी आणि मागची खाच, यांच्यात साधारण फुटभराचं अंतर. त्यात एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक झाली तर १० मीटरवर ती तीन मिलिमीटर होते. निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सहाही नाही. मूठ हातात दर वेळी कणभर वेगळी बसली, तर डोळा कितीही चांगला असला तरी गोळी नऊमध्ये जायची भीती. बाहेरून येणाऱ्या तयार मुठी अक्रोडाच्या, छान दिसणाऱ्या, पण "मीडियम" म्हणजे कुणाचा हात? शिवाय मराठवाड्याच्या मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, त्या लाकडाला स्क्रूपाशी चीर जाते.

तुम्ही बाभूळ घेतलीत. मोडीत निघालेल्या बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा, किती तरी उन्हाळे-पावसाळे सोसून आता ना फुगणारा ना आकसणारा. बाभूळ कापायला जड जाते, पटाशीची धार घालवते, म्हणून लोक तिच्या वाटेला जात नाहीत. तुम्ही गेलात.

मग गेरू. तळहाताला ओला गेरू लावून ओबडधोबड मूठ धरायची, सोडायची. जिथं गेरू गडद उमटला तिथं लाकूड जास्त, तेवढंच कानसेनं काढायचं. पुन्हा गेरू, पुन्हा कानस. आणि हे एका बैठकीत संपवलं नाहीत. एक फेरी सकाळी, एक भर दुपारी, कारण उन्हात हात फुगतो आणि सकाळच्या मापाची मूठ दुपारी चावते. नंतर डोळे मिटून हात उचलायला लावलात आणि उघडल्यावर विचारलंत, पुढची साइट कुठं आहे? ती खाचेत खाली बसत होती. मुठीच्या मागच्या अंगाला वरून थोडं खरवडलंत, खाली थोडी भर घातलीत. चौथ्या खेपेला डोळे उघडले तर साइट खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट. चाचा, दहाच्या आतल्या गोळ्या तिथून सुरू झाल्या.

वरून खरवडतानाही रुळांवरून मागं येणारा भाग अंगठ्याच्या बेचक्याला लागणार नाही एवढी जागा राखलीत. तळव्याखालचा टेकू नव्वद अंशांपेक्षा आत वळलेला चालत नाही, तो मुद्दाम थोडा उघडा ठेवलात. आणि ती प्लायवूडची पेटी! ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटर, स्पर्धेत जेवढ्या पेटीत पिस्तूल मावायला लागतं तंतोतंत तेवढी. दर फेरीला पिस्तूल त्यात ठेवून बघत होतात. पन्नासची रुंदी फार थोडी असते, टेकू जरा बाहेर आला की पेटीत बसत नाही, आणि हे बहुतेकांना स्पर्धेच्या दिवशी कळतं.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. व्हार्निश नाही, कारण घाम आला की व्हार्निशवर हात सरकतो. घाण्याचं कच्चं जवस सुकायला दिवस घेतं, म्हणून पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून घ्यायचं, चार-पाच दिवस थांबून पुढचा हात. पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती स्वतःहून तापून पेट घेतात. उघड्यावर सुटी पसरून वाळवायची. बोटांखाली टोच्यानं बारीक टिपके मारून दिलेत, नुसत्या गुळगुळीत लाकडापेक्षा पकड वेगळीच लागते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते.

पिस्तूल पेटीत ठेवून झालं होतं, पैसे देऊन झाले होते. तुम्ही परत आत गेलात आणि वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी घेऊन आलात, किराणा दुकानात जिऱ्या-मोहरीची बांधतात तशी, दोऱ्यानं बांधलेली. आत त्याच तुंब्याचा भुसा. करवतीखालचा, वेगळा गोळा करून, चाळून ठेवलेला. म्हणालात, "हात बदलतो बेटा. वर्षा-दोन वर्षांत कुठं तरी भर घालावी लागंल. तेव्हा दुसऱ्या लाकडाचा भुसा नको, रंग वेगळा दिसंल."

चाचा, ही पुडी कुणी मागितली नव्हती. तिचे पैसे लागले नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर त्याच्या हाताचं पुढं काय होणार याचा विचार कोण करतं हो? काम झालं, पैसे मिळाले, संपलं, एवढीच रीत दिसते. सुतार असो, मोटार मेकॅनिक असो, डॉक्टर असो, आपल्या हातून गेलेल्या वस्तूची नाहीतर माणसाची उद्याची काळजी वाहणारी माणसं मोजकी. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात कृपाणी-तलवारींची दुकानं आहेत, मुठीचं मोल ओळखणारं हे गाव. तरी सगळ्यांना ते कळतं असं नाही. तुम्हाला कळतं, आणि तुम्ही त्याचा कधी बडेजाव केला नाहीत. अशी माणसं आपल्या भागात आहेत म्हणून इथला खेळ उभा आहे, असं मनापासून वाटतं.

पुडी या महिन्यात उघडली. करंगळीखाली पोकळी जाणवत होती. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं. तेवढ्या जागेचं तेल खरवडून कोरं लाकूड उघडं केलं, कारण तेलावर इपॉक्सी धरत नाही. हातात मोजे घालून सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीचे दोन्ही भाग समान घेतले आणि भुसा घालत गेलो, पुरणासारखं घट्ट होईपर्यंत. ते लावून वर पातळ प्लास्टिक, आणि त्यावरून मूठ धरली, म्हणजे बोटाचा ठसा आपोआप उमटला. २४ तास हात लावला नाही. नंतर काचकागद, मग जवसाचे दोन हात. आता तुम्ही स्वतः बोट फिरवलंत तरच सांधा सापडेल, दुसऱ्या कुणाला नाही सापडणार.

६० गोळ्यांचा पूर्ण डाव, ७५ मिनिटं, करंगळी एकदाही हलली नाही. वर पाच गोळ्यांचा एक कागद तुमच्यासाठी राखून ठेवलाय, पाचही एकमेकीत घुसलेल्या, भोक पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकलं जातं.

एक विचारायचं राहिलं. दांडा बंद करताना शेवटच्या अर्ध्या इंचाला त्याची पिन किंचित घासल्यासारखी वाटते. ग्रीस लावायचं का तसंच ठेवायचं, ते तुम्ही बघितल्याशिवाय हात लावत नाही. पोळा झाला की नांदेडला येतो, पिस्तूल आणि तो कागद दोन्ही घेऊन. पुडीत मूठभर भुसा उरलाय, तोही आणतो.

चाचींना नमस्कार सांगा.

आपला,
परभणीचा एक नेमबाज