श्रीराम सिंह यांचा सातवा क्रमांक आणि आपली क्रीडापाने

प्रति,
मा. संपादक,

महोदय,
सप्रेम नमस्कार.

भारतीय ॲथलेटिक्सचा इतिहास सांगताना 1960 च्या रोम ऑलिम्पिकमधले मिल्खा सिंग आणि 1984 च्या लॉस एंजेलिसमधल्या पी. टी. उषा यांची नावे न चुकता येतात. ती यायलाच हवीत. परंतु या दोघांच्या मधल्या काळात, 1976 साली माँट्रियलला 800 मीटरच्या अंतिम शर्यतीत सातवे आलेले श्रीराम सिंह बहुधा एका ओळीत उरकले जातात, आणि ती ओळही ‘त्यांचा राष्ट्रीय विक्रम 42 वर्षे अबाधित राहिला’ एवढीच असते. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. माझ्या मते त्यात श्रीराम सिंह यांचा जेवढा गौरव आहे, तेवढीच आपणा सर्वांची नामुष्कीही आहे, आणि त्यात वर्तमानपत्रांचाही थोडा वाटा आहे.

श्रीराम सिंह मूळचे राजस्थानचे. राजपुताना रायफल्समध्ये भरती झाल्यावर त्यांना इलियास बाबर यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला आणि 800 मीटर हे त्यांचे अंतर ठरले. 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत रौप्य, 1974 मध्ये तेहरानला आणि 1978 मध्ये पुन्हा बँकॉकला सुवर्ण, मध्यंतरी अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री, अशी ही कारकीर्द आहे. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये मात्र ते प्राथमिक फेरीतच बाद झाले होते. तिथून चार वर्षांत जगातल्या पहिल्या आठांत येणे म्हणजे काय, हे ज्याने कधी घड्याळ लावून 800 मीटर धावून पाहिले असेल त्यालाच नीट उमगेल.

माँट्रियलला प्राथमिक फेरीत त्यांनी 1 मिनिट 45.86 सेकंद ही वेळ दिली. अंतिम शर्यतीत त्यांच्यासमोर क्यूबाचा अल्बेर्तो हुआन्तोरेना, बेल्जियमचा इवो व्हॅन डॅम, अमेरिकेचा रिक वोलह्यूटर आणि चार वर्षांनी मॉस्कोत याच अंतराचे सुवर्ण जिंकणारा ब्रिटनचा स्टीव्ह ओव्हेट होते. या मंडळींच्या पुढे राहून श्रीराम सिंह यांनी ट्रॅकची पहिली, म्हणजे 400 मीटरची, फेरी 50.85 सेकंदांत पूर्ण केली. दुसऱ्या फेरीत हुआन्तोरेनाने मुसंडी मारली आणि 1:43.50 असा नवा विश्वविक्रम नोंदवला. पहिल्या फेरीच्या त्या वेगाचे श्रेय त्याने पुढे श्रीराम सिंह यांना मोकळेपणाने दिले. श्रीराम सिंह यांची वेळ 1:45.77 होती. पाचव्या आलेल्या ओव्हेटपेक्षा ते केवळ 0.33 सेकंदाने, तर सहाव्या आलेल्या युगोस्लाव्हियाच्या लुचियानो सुशानपेक्षा, जो तेव्हाचा युरोपीय विजेता होता, फक्त 0.02 सेकंदाने मागे होते. आफ्रिकी देशांच्या बहिष्कारामुळे केनियाचा माइक बॉइट हा अव्वल धावपटू त्या शर्यतीत नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण जे धावले तेही काही दुय्यम नव्हते.

सुरुवातीला इतके जोरात पळाल्यामुळेच ते मागे पडले, अशी टीका मी अनेकदा ऐकली आहे. ती मला मान्य नाही. हुआन्तोरेना हा मुळात 400 मीटरचा धावपटू होता. त्याच आठवड्यात त्याने ती शर्यतही 44.26 सेकंदांत जिंकली. असा माणूस शर्यतीत असताना पहिली फेरी संथ जाऊ द्यायची आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये त्याच्याशी वेगाची बरोबरी करायला जायचे, म्हणजे हार आधीच कबूल करणे होते. पहिल्याच फेरीत सगळ्यांचा दम काढणे, एवढा एकच मार्ग उरत होता. त्याची किंमत दुसऱ्या फेरीत मोजावी लागली, ती सुमारे 55 सेकंदांची झाली; तरीही शेवटी घड्याळात उमटलेली वेळ त्यांच्या आयुष्यातली सर्वोत्तम होती. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत स्वतःची सर्वोत्तम वेळ देणाऱ्या खेळाडूचे डावपेच चुकले, असे कसे म्हणायचे?

त्याच ऑलिम्पिकमध्ये आपला हॉकी संघही सातवाच आला होता. हॉकीच्या त्या सातव्या क्रमांकाचे दुःख देश आजही आठवतो. ॲथलेटिक्समधला सातवा क्रमांक साजरा करायचा मात्र राहून गेला.

पुढचा इतिहास अधिक खेदाचा आहे. बाबर यांच्याच तालमीत तयार झालेल्या गीता झुत्शी यांनी 1978 मध्ये महिलांचे, तर चार्ल्स बोरोमिओ यांनी 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये पुरुषांचे 800 मीटरचे सुवर्ण मिळवले, म्हणजे परंपरा लगेच तुटली नव्हती. त्यानंतर पुरुषांच्या या सुवर्णासाठी आपल्याला 2018 उजाडावे लागले. त्या वर्षी जाकार्तात मनजीत सिंगने ते जिंकले तेव्हाची त्याची वेळ 1:46.15 होती, श्रीराम सिंह यांच्या माँट्रियलमधल्या वेळेहून संथ. त्याआधी जूनमध्ये गुवाहाटीला जिन्सन जॉन्सनने 1:45.65 अशी धाव घेऊन जुना विक्रम मोडला होता. बेचाळीस वर्षांत आपण सेकंदाच्या बारा शतांशांची प्रगती केली. तेवढ्याच काळात केनियाच्या डेव्हिड रुडिशाने विश्वविक्रम 1:40.91 वर नेऊन ठेवला होता. 2025 मध्ये मोहम्मद अफसलने भारतीयांत प्रथमच 1:45 च्या आतली वेळ दिली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ही सुरुवात चाळीस वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे आणि तालुका, जिल्हा, विभाग अशा सर्व पातळ्यांवरच्या शालेय स्पर्धांत पंच म्हणून उभा राहिलो आहे. फक्कीने आखलेल्या 200 मीटरच्या ट्रॅकवर 800 मीटरसाठी चार फेऱ्या होतात. शिट्टी वाजताच मुले शंभर मीटरच्या शर्यतीसारखी सुटतात, तिसऱ्या फेरीत बहुतेकांचे पाय जड होतात, आणि जो कसाबसा टिकतो तो पहिला येतो. पहिल्या दोन फेऱ्यांना त्याला किती वेळ लागला, हे कोणी टिपून ठेवत नाही. अनेक ठिकाणी शेवटची वेळसुद्धा नोंदवली जात नाही, कारण पुढच्या पातळीवर पाठवायला क्रमांक पुरतो. जिंकलेल्या मुलालाही आपण किती वेळात धावलो हे ठाऊक नसते. मध्यम पल्ल्याची सारी मदार वेगाच्या वाटणीवर असते, आणि ती वाटणी घड्याळाशिवाय शिकवता येत नाही, असे माझे इतक्या वर्षांच्या अनुभवाअंती ठाम मत झाले आहे.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. तीत प्रमुख पाहुण्यांची नावे असतात, विजेत्यांची आणि त्यांच्या शाळांची नावे असतात, वेळ मात्र नसते. मोठ्या स्पर्धांबाबतही फारसे वेगळे घडत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचला. तिथपर्यंत जाणारा तो पहिला भारतीय पुरुष होता. त्याची 8:14.18 ही वेळ काय प्रतीची आहे आणि शर्यतीचा वेग कुठे वाढला, हे समजून घ्यायला उत्सुक असलेल्या वाचकाला अनेक बातम्यांतून ‘अकराव्या स्थानी समाधान’ एवढेच मिळाले.

म्हणून आपणास नम्र विनंती आहे की जिल्हा आणि राज्य स्पर्धांच्या निकालांत 800 व 1500 मीटरच्या पहिल्या तिघांची वेळ आपण आवर्जून छापावी, आणि ती उपलब्ध नसल्यास ‘वेळ नोंदवली नाही’ असे स्पष्ट लिहावे. एवढे केले तरी पुढच्या वर्षी आयोजक स्टॉपवॉच घेऊन उभे राहतील. आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या वृत्तांतात पहिल्या फेरीची वेळही द्यावी. त्यासाठी जागा एका ओळीची लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
जि. सातारा