बाओतौची मेट्रो आणि प्रवाशांचे गणित

महोदय,

चीनमध्ये शहराने मागितली की मेट्रो मिळते, हा समज चुकीचा आहे. इनर मंगोलियातील बाओतौ या पोलादनगरीच्या मेट्रोला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१७ मध्ये काम सुरू झाले न झाले तोच ते थांबवावे लागले. शहराच्या तिजोरीला हा खर्च पेलणारा नव्हता.

जुलै २०१८ मध्ये राज्य परिषदेने, म्हणजे चीनच्या मंत्रिमंडळाने, मेट्रो मंजुरीचे निकष कडक केले: शहराचा महसूल ३० अब्ज युआनवर, सकल उत्पादन ३०० अब्जांवर, शहरी लोकसंख्या ३० लाखांवर. पण खरी कसोटी प्रवाशांची आहे. सुरुवातीला दर किलोमीटरमागे रोज किमान ७ हजार, म्हणजे २० किलोमीटरच्या मार्गावर रोज १ लाख ४० हजार प्रवासी हवेत. पुढे गर्दीच्या तासाला एका दिशेने ३० हजार. सहा डब्यांच्या, मध्यम रुंदीच्या 'बी' प्रकारच्या गाडीत साधारण १,४६० माणसे मावतात. तेव्हा ताशी २१ गाड्या, तीन मिनिटांच्या आत एक.

प्रवाशांचा अंदाज कमी धरला तरी फटका बसतोच. शांघायची सहावी मार्गिका (२००७) चारच अरुंद डब्यांच्या गाड्यांसाठी बांधली गेली आणि गर्दीने कोंडली. भुयारी फलाट नंतर लांबवणे जवळपास अशक्य, कारण दोन्ही टोकांना बोगदे पक्के झालेले असतात. उरते ते फेऱ्या वाढवणे, आणि त्यालाही सिग्नल यंत्रणेची व शेवटच्या स्थानकावर गाडी उलटी फिरवायला लागणाऱ्या वेळेची मर्यादा. म्हणून आराखडा जाहीर होतो तेव्हा प्रवासीसंख्येमागची गृहीतकेही छापली जावीत.

– एक वाचक, पुणे