एक जूनचे वाढदिवस

कोल्हापूर,
2 जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मी विद्यापीठात वार्धक्यशास्त्र, म्हणजे म्हातारपणाचा अभ्यास, शिकतो आहे, त्यावरून काल वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना तू हसत म्हणालास, "साठी उलटल्यावर विद्यापीठात जाऊन म्हातारपण काय शिकायचे? ते घरबसल्या येतेच की!" फोनवर मला उत्तर सुचले नाही, म्हणून हे पत्र.

पहिली गंमत अशी की, काल ना तुझा वाढदिवस होता, ना माझा. शाळा जूनमध्ये भरत असल्यामुळे प्रवेशाला वय पुरे पडावे म्हणून गुरुजींनी आपल्या दोघांचीही जन्मतारीख 1 जून लावली आणि त्याच हिशेबाने मी 31 मे रोजी, दर वर्षी राज्यभरातल्या मास्तरांची रांग निवृत्त होते त्याच दिवशी, निवृत्त झालो. आई मात्र माझा जन्म नागपंचमीच्या आदल्या रात्रीचा सांगायची. पुढे मास्तर झाल्यावर राधानगरी तालुक्यातल्या वाडीवस्तीवरच्या कितीतरी पोरांना मीही तीच तारीख बहाल केली. ते पाप आता संशोधनाच्या रूपाने फेडतो आहे म्हण ना!

वार्धक्यशास्त्र म्हणजे वृद्धाश्रम आणि औषधे, अशी माझीही समजूत होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी ठरावीक वेळाच विभागतात हे 1961 मध्ये हेफ्लिक या शास्त्रज्ञाने दाखवले, ते सगळे वाचले. पण माझे मन रमले ते फार साध्या वाटणाऱ्या प्रश्नात. समोरच्या माणसाचे वय किती, हेच जर ठाऊक नसेल, तर वय वाढल्याने त्याचे काय झाले हे सांगायचे कशाच्या आधारावर?

गेल्या महिन्यात गंगावेशीजवळच्या एका आजींकडे प्रश्नावली घेऊन गेलो होतो. आधारकार्डावर जन्म 1 जानेवारी 1957. नेमकी तारीख सांगता आली नाही की तिथे 1 जानेवारी पडते, जशी आपल्याकडे 1 जून. वय विचारताच त्या म्हणाल्या, "मास्तर, वरसं कुणी मोजल्यात? कोयनेचा भूकंप झाला तवा माझी थोरली पोटात हुती." तो भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. कार्डाप्रमाणे आजी तेव्हा दहा वर्षांच्या! म्हणजे त्यांचे खरे वय किमान सहा-सात वर्षांनी जास्त असणार, आणि पासष्टीनंतर मिळणारे श्रावणबाळ योजनेचे पैसे त्यांच्या हाती तेवढीच वर्षे उशिरा पडले. एका कारकुनी आकड्याची ही किंमत मला चटका लावून गेली.

तू आयुष्यभर विम्याच्या कचेरीत मृत्यूचे तक्ते चाळलेस, म्हणून पुढचे तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. प्रौढ वयात मरणाची शक्यता साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते, हा गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाचा 1825 चा नियम. आता 84 वर्षांच्या आजोबांनी मानाने नव्वदी सांगितली, तर ते नव्वदीच्या रकान्यात बसून चौऱ्याऐंशीच्या दराने मरतात आणि नव्वदीतली माणसे उगाचच चिवट दिसू लागतात. शिवाय आपल्याकडे सांगितलेली वये साठ, पासष्ट, सत्तर अशा गोल आकड्यांवर गोळा होतात. हा गोळा मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहे. शंभर आला तर तसा कल नाही, पाचशे आला तर झाडून सगळ्यांनी शून्यावर किंवा पाचावर संपणारे वय सांगितले असे समजायचे. 2011 च्या जनगणनेत साठीपुढचे सुमारे 10.4 कोटी लोक मोजले गेले. त्यांतल्या कितींची तारीख खरी असेल, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

मग काहीजण कागद बाजूला ठेवून शरीरालाच विचारतात. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये पंचेचाळिशीपुढची माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून 72,000 हून अधिक लोकांची जी पाहणी केली, तीत हाताच्या पकडीची ताकदही मोजली होती. मीही तसले यंत्र मागून आणले आणि तालमीतल्या एका जुन्या वस्तादांच्या हाती दिले. त्यांनी ते असे आवळले की माझा आकडा सांगायची मला लाज वाटली. पण यावरून त्यांचे वय कमी ठरवायचे, की उमेदीतली खुराक-मेहनत अजून बोलते आहे असे म्हणायचे? सत्तरीतल्या माणसाची तिशीतल्याशी तुलना करताना वयाबरोबर पिढीही बदलते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजी शब्द आठवण्याच्या चाचणीत मागे पडल्या, तर तो म्हातारपणाचा दोष मानायचा की पाटी-पेन्सिल न मिळाल्याचा? याचा निवाडा करायचा तर त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे परत जावे लागते, आणि माझ्या वयाच्या विद्यार्थ्यापाशी नेमकी तीच वर्षे कमी आहेत.

सध्या मी भूकंप, 1972 चा दुष्काळ, पहिला पाळणा, असा एकेकाचा पट मांडून वये ताडून पाहतो. काम संथ चालते, कारण प्रत्येक आठवणीबरोबर चहा येतो.

तुझे एक काम आहे. वहिनींना नको, थेट काकूंनाच विचार की कोयनेच्या त्या पहाटे त्यांनी तुला पाळण्यातून उचलून अंगणात नेले होते, की तू आपल्या पायांनी पळालास. पाळण्यातून असेल, तर तू माझ्याहून निदान दोन वर्षांनी लहान ठरतोस, आणि इतकी वर्षे तुला अरे-तुरे करू दिले याचा मला फेरविचार करावा लागेल.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझाच