मित्रांच्या नोंदी पुन्हा पुढे आणा

महोदय,

२००४ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेले फेसबुक आता तरुणांना आपल्याकडे वळवण्यासाठी धडपडते आहे. टिकटॉकशी स्पर्धा करताना जुलै २०२२ मध्ये त्याने मुख्य पान अनोळखी लोकांच्या नोंदींच्या शिफारशींना आणि रील्सना, म्हणजे छोट्या व्हिडिओंना, मोकळे केले. मित्रांच्या नोंदी कालक्रमाने पाहायच्या तर ‘फीड्स’ हा वेगळा कप्पा. घरची माणसे पडवीत आणि परकी माजघरात, हे मला मुळीच पटलेले नाही. मार्च २०२५ मध्ये फक्त मित्रांच्या नोंदींचा विभाग आला, तोही आधी अमेरिका आणि कॅनडात. म्हणजे काय हरवले ते कंपनीलाही जाणवले असावे.

मराठीत तर कितीतरी जण देवनागरीत पहिल्यांदा लिहिते झाले ते फेसबुकच्या भिंतीवर. गावची जत्रा, आजीची पाककृती, परदेशी गेलेल्या भाचीची खुशाली वाचायलाच माणसे तिथे जमली. छोटे व्हिडिओ तरुणांना इन्स्टाग्राम, यूट्यूबवर मिळतातच. मुख्य पानावर मित्र दिसावेत की शिफारशी, हे एकदाच आणि कायमचे ठरवण्याची सोय फेसबुकने प्रत्येकाला द्यावी.

– एक वाचक, सातारा