मित्रास पत्र: तुझ्या विझार्डला आधी जगव

प्रिय मंगेश,

तुझा मेसेज आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्र होऊन फाशांनी खेळायच्या खेळातल्या तुझ्या नव्या पात्राच्या शीटचा फोटो, दोन्ही कालच मिळाले. इथे पेडण्यात तीन दिवस पाऊस नुसता कोसळतोय, दुपारी लाइट गेली ती अजून आली नाही, फोनची बॅटरी चाळीस टक्के उरलीय, म्हणून एका दमात टाइप करतोय, चुका सांभाळून घे.

आधी मनापासून सांगतो, तुझा विझार्ड, म्हंजे जादूगार, मला खूप आवडला. देवळात गाणाऱ्या घरात वाढलेला एल्फ, गाणं सोडून पोथ्यांच्या मागे लागलेला, हे वाचूनच मला तो डोळ्यापुढे दिसला. पण तूच लिहिलंयस की चवथ झाल्यावर मडगावला जी कॅम्पेन (बरेच दिवस चालणारी गोष्ट) सुरू होतेय तिच्या डीएमने, म्हंजे खेळ चालवणाऱ्याने, आधीच सांगितलंय, दर सेशनला दोन-तीन मारामाऱ्या, आणि कुणाला उगाच वाचवणार नाही. आणि तू शीटवर कॉन्स्टिट्यूशन, म्हंजे अंगाचा टणकपणा, ८ ठेवलंयस! ते बघून मला रात्री झोप नाही आली रे, खरंच.

२०१४ च्या नियमपुस्तकाने हिशोब बघ. तिसऱ्या लेव्हलला कॉन ८ असलेल्या विझार्डचे एचपी, म्हंजे मार सोसायची ताकद, होतात ११. ओगर नावाच्या राक्षसाचा एक सोटा सरासरी १३ लागतो. म्हंजे पहिल्याच वारात तू आडवा, आणि उरलेली लढाई तू डेथ सेव्ह, म्हंजे जगतो की मरतो त्याचे फासे, टाकत बसणार, चार जण टेबलाभोवती खेळतायत आणि तुझ्या वाट्याला दर राऊंडला एक फासा. गुण विकत घ्यायच्या तुझ्या २७ पॉइंटांत तू इंटेलिजन्सला ९, डेक्सला (चपळाईला) ७, करिश्म्याला ७ आणि विजडमला ४ दिलेयस. करिश्म्याचे ते ७ उचलून कॉनला टाक, बाकी कशालाच हात लावू नको. त्या ७ पॉइंटांत कॉन १४ झालं की एचपी थेट २०. तोच ओगर, तोच सोटा, पण तू बहुतेक वेळा उभा राहतोस आणि पुढचा टर्न तुझा असतो.

मला माहितीय तू काय म्हणणार, गाणारा माणूस आणि करिश्मा ८? अरे पण एंटरटेनर बॅकग्राउंडमुळे परफॉर्मन्सची प्रोफिशियन्सी (कला सादर करायचा सराव) तुझ्याकडे आहेच, फाशावर +४ होते तिथे +१ राहतील. तीनचं नुकसान आहे, नाही असं नाही. पण गाणं तू तोंडाने गाणार आहेस, त्याला कुठल्या आकड्याची परवानगी लागत नाही. जीव वाचवायला मात्र आकडाच लागतो.

आणि कॉनचं दुसरं काम एचपीपेक्षाही मोठं आहे. विझार्डचे बरेच चांगले स्पेल, म्हंजे मंत्र, कॉन्सन्ट्रेशनवर (लक्ष टिकवून) चालतात, एका वेळी एकच, आणि मार लागला की कॉनचा सेव्ह, म्हंजे वाचायचा फासा, टाकावा लागतो, गाठायचा आकडा १० किंवा लागलेल्या डॅमेजच्या निम्मं, जे जास्त असेल ते. कॉन ८ ला दहाचा सेव्ह वीसपैकी दहा वेळा जमतो, १४ ला तेरा वेळा. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण तुझा स्पेल तुटला की पुढे उभ्या तुझ्या मित्राचा आडोसाच जातो ना.

आता स्पेलांचं. तू स्कॉर्चिंग रे घेतलायस, मला समजतं, तीन किरण, आग, मजा येते. पण तिन्ही लागले तरी सरासरी २१ होतात आणि ओगरचे एचपी ५९ असतात. ३८ एचपी उरलेला ओगर आधीच्या इतक्याच जोरात मारतो, एक उरला असला तरी तितक्याच. त्यापेक्षा वेब घे. वीस फुटांच्या जाळ्यात दोन ओगर आले तर तुझ्या १३ च्या सेव्हला ओगर वीसपैकी तेरा वेळा फसतो, कारण त्याचं डेक्स कच्चं. फसला की त्याच्यावर सगळ्यांना ॲडव्हांटेज (दोन फाशांतला चांगला धरायचा), आणि तो मारतो तेव्हा त्याला डिसॲडव्हांटेज (दोनांतला वाईट). तो ताकदवान आहे, जाळं तोडून सुटेलही, पण तोडण्यात त्याची अख्खी ॲक्शन जाते, म्हंजे तुमच्यावरचा एक सोटा वाचला. मला लढाईत हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, समोरच्याच्या ॲक्शन किती कमी झाल्या आणि आपल्या किती कामी आल्या. सहा सेकंदांचा एक राऊंड, त्यात प्रत्येकाची एक ॲक्शन, सगळा खेळ तेवढ्यावर चालतो.

तुमच्यात रोग, म्हंजे लपूनछपून मारणारा चोरटा, आहे म्हणालास ना, त्याला तर हे जाळं म्हणजे चतुर्थीचा मोदक. ॲडव्हांटेज मिळालं की लांबून बाण मारूनसुद्धा त्याचा स्नीक अटॅक, म्हंजे गाफील गाठून केलेला जोराचा वार, लागतो. पण तुमच्या बार्बेरियनशी (रानटी योद्ध्याशी) आधी बोलून ठेव मरे, कारण तो रेजमध्ये, रागाच्या भरात, धावत जाळ्यात शिरला तर त्यालाही सेव्ह टाकावा लागेल. आणि जाळं दोन भिंतींना किंवा झाडांना अडकलेलं हवं किंवा जमिनीवर पसरलेलं, मोकळ्यात हवेत टाकलंस तर पुढच्या टर्नला कोसळतं. आग लागली तर जळतं ते वेगळंच, तेव्हा स्वतःचा फायर बोल्ट तिथे मारू नको.

शील्ड स्पेल घेतलायस ते छान केलंस. मेज आर्मर स्पेल घालून तुझा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १६, ओगर वीसपैकी अकरा वेळा लागतो, शील्ड टाकलास की एसी २१ आणि तो फक्त सहा वेळा. ते रिॲक्शनवर, म्हंजे दुसऱ्याच्या टर्नला, होतं, तुझी ॲक्शन शिल्लकच राहते. आणि फाइंड फॅमिलियर (सोबतीला प्राणी बोलवायचा स्पेल) घेच, घुबड घे. आजीला कळलं तर घरात घुबडाचं नाव काढू देणार नाही ती, पण ते उडत येतं, रोगला हेल्प करतं आणि शत्रूच्या हातातून सुखरूप निसटतं.

हे सगळं मी एवढं पोटतिडकीने का सांगतोय ते तुला माहीत नाही, कधी बोललोच नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं खेळत होतो, मी रेंजर होतो, लांब धनुष्यवाला. दुसऱ्या लेव्हलला दोन स्पेल मिळतात, मी हंटर्स मार्क आणि हेल ऑफ थॉर्न्स घेतले, दोन्ही डॅमेजचे, आणि दोन्ही कॉन्सन्ट्रेशनवर, म्हंजे एकत्र चालूच शकत नाहीत, हे मी शीट भरताना बघितलं नव्हतं. एका पुलावर हॉबगॉब्लिन, म्हंजे राक्षसी सैनिक, आले. आमचा क्लेरिक, म्हंजे बरं करणारा पुजारी, माझा आतेभाऊ खेळत होता, त्याने त्या पात्राची वही केली होती, प्रत्येक सेशननंतर त्याच्या नावाने रोजनिशी लिहायचा. तो पुढे उभा राहिला कारण दुसरं कुणी पुढे उभं राहायला बनवलंच नव्हतं, आम्ही तिघेही लांबून मारणारे. तिसऱ्या राऊंडला तो पडला. माझ्या पिशवीत पोशन (जखमा भरायचं औषध) होतं, पण मी पन्नास फूट मागे, धावून पोचलो असतो तर पाजायला ॲक्शन उरत नव्हती. मी बाण मारला. पडलेल्या माणसावर जवळून वार लागला की तो क्रिटिकल धरतात, दोन डेथ सेव्ह एकदम फेल. दोन वार झाले आणि संपलं. आतेभावाने वही मिटली आणि काही न बोलता चहा प्यायला. मला आजपण तो पूल आठवतो. मी चुकीचा बाण मारला असं नाही, मारायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. क्युअर वुंड्स हा जखमा भरणारा स्पेल घेतला असता, वीस फूट पुढे उभा राहिलो असतो, तर कदाचित.

म्हणून शीट भरताना मी आता एकच गोष्ट धरून बसतो, बाजूचा माणूस पडला तर माझ्या टर्नला मी काय करणार. याचं उत्तर शीटवर दिसत नसेल तर मी ते पात्र खेळायला काढत नाही, मग त्याची गोष्ट कितीही सुंदर असो.

तू लिहिलंयस की असा हिशोब करत बसलं की खरं रोलप्लेइंग राहत नाही. मला तसं वाटत नाही. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला तोच मुळी छोट्या सैनिकांच्या युद्धखेळांतून, लढाई त्याच्या मुळाशी आहे. आणि आपल्याकडचं बघ ना, आमच्या गावच्या जत्रेत दशावतार लागतो, लिहिलेली संहिता नसते, कुणी काय व्हायचं ते ठरतं आणि बाकी सगळं रंगमंचावर सुचतं. राजा आणि राक्षसाचं युद्ध सुरू झालं, मृदंग वाजायला लागला की तिथे नाटक थांबतं का? उलट तेव्हाच कळतं राजा कसा आहे ते, कुणासाठी मागे फिरतो, कुणाला टाकून पुढे जातो. जाणता नट समोरच्याला जागा देतो, त्याचं वाक्य पूर्ण होऊ देतो. तुझा एल्फ जाळं टाकताना आजोबांचा अभंग गुणगुणला आणि मग ओरडला की आता तू मार, तर त्या टेबलावरचं प्रत्येक माणूस तो क्षण लक्षात ठेवेल.

तुमचा क्लेरिक कोण खेळतोय ते विचारून घे, हीलिंग वर्ड स्पेल घेतलाय का बघ, साठ फुटांवरून बोनस (जादा) ॲक्शनवर होतो, आणि पडलेल्याला उठवण्यासाठीच राखून ठेव म्हणावं, खरचटल्यावर वाया घालवू नको. आणि एकेका पोशनची बाटली प्रत्येकाच्या पिशवीत असू दे, सगळ्या एकाकडे नकोत.

बॅटरी अकरावर आली. पुढच्या शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजाराला येणार आहे, तूही ये, बसस्टँडजवळ पातळ भाजी-पाव खाऊ आणि दोन ओगर काढून तुझ्या एल्फची एक लढाई करून बघू, फासे मी आणतो. तोपर्यंत कॉनच्या चौकटीत १४ लिहून फोटो पाठव.

तुझा,
दिगू